डावी मूठ: एका हँडलचे रसग्रहण

मोटारसायकल ही उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेली वस्तू आहे, असे बहुतेक सगळेच धरून चालतात. रेस उजव्या मुठीत, पुढचा ब्रेक उजव्या बोटांखाली, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, बहुतेक गाड्यांची किकही उजवीकडेच. मग कात्री, दातेरी विळा, कॉलेजातल्या खुर्चीला उजवीकडून जोडलेली लिहायची फळी या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली असे समजून डावखुरा माणूस निमूटपणे गाडीवर बसतो. मी स्वतः डावखुरा आहे आणि मला हे अजिबात पटत नाही. हँडलची रचना बारकाईने वाचली, आणि ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर वाचली, तर या यंत्रातले सगळ्यात नाजूक काम डाव्या हाताकडे दिलेले दिसते. रसग्रहण कवितेचे करायचे असा आपल्याकडे रिवाज आहे. पण ज्या रचनेत प्रत्येक अवयवाला जागा नेमून दिलेली आहे, जोर कुठे द्यायचा आणि सोडायचे कुठे हे ठरलेले आहे, तीही वाचण्याजोगी असतेच.

आधी मांडणी पाहू. उजव्या अंगाकडे तीन गोष्टी आहेत: रेस, पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक. तिन्ही वेगाच्या. किती पळायचे आणि कुठे थांबायचे, हा उजव्या अंगाचा प्रश्न. डाव्या अंगाकडे दोनच गोष्टी: हातात क्लच आणि पायाखाली गिअर. इंजिन आणि चाक यांना जोडायचे की वेगळे करायचे, आणि जोडायचे तर कोणत्या प्रमाणात, हे डावे अंग ठरवते. शक्ती किती हवी ते उजवा हात मागतो; ती चाकापर्यंत पोचू द्यायची की नाही, ते डाव्या हाताच्या मर्जीवर. इतकी स्वच्छ विभागणी रोजच्या वापरातल्या दुसऱ्या यंत्रात मी पाहिलेली नाही.

आणखी बारकाईने पाहिले तर एक सुरेख गोष्ट लक्षात येते. दोन्हीकडे स्प्रिंग आहे, पण दोन स्प्रिंगांचा स्वभाव वेगळा. रेस सोडली की मूठ मागे फिरते आणि गाडी मंदावते. क्लच सोडला की प्लेटा जोडल्या जातात आणि कोणी न धरता जोडलेल्याच राहतात. म्हणून उजव्या हाताला प्रवासभर मूठ पिळून धरावी लागते, आणि डाव्याला मात्र वरचा गिअर पडला की सुट्टी. उजवा हात बांधील, डावा मोकळा. वागणुकीचे किती प्रकार या एका फरकातून निघतात, ते पुढे येईलच.

ही वाटणी निसर्गाने करून दिलेली नाही. अमेरिकेतल्या ‘इंडियन’ कंपनीच्या जुन्या गाड्यांत कित्येक वर्षे रेस डाव्या मुठीत होती, आणि उजवीकडे हवी असेल तर तशीही मागवता येत असे. ब्रिटिश गाड्यांत गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली असे. सप्टेंबर 1974 पासून अमेरिकेने आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींना डाव्या पायाचा गिअर सक्तीचा केला, आणि एवढी मोठी बाजारपेठ हातची जाऊ नये म्हणून ब्रिटिश कंपन्यांनीही रचना बदलली. आपल्याकडे 1955 मध्ये मद्रासला उभ्या राहिलेल्या एनफिल्डची बुलेट त्यानंतरही कित्येक दशके उजव्या पायाच्या गिअरनेच धावत राहिली: पहिला वर, बाकीचे तीन खाली, आणि न्यूट्रल सापडावा म्हणून टाचेजवळ एक वेगळी छोटी दांडी. म्हैसूरच्या आयडियल जावाने तर किक आणि गिअर एकाच दांडीत बसवले, आणि ती दांडी डावीकडे. थोडक्यात, डावे-उजवे हा ठरवण्याचा भाग आहे. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारखान्यांत तो वेगवेगळा ठरला आणि शेवटी बाजाराने एकच ठराव सगळ्यांवर बसवला. जुन्या बुलेटवर पाय बसलेला माणूस पहिल्यांदा डाव्या गिअरच्या गाडीवर चढतो, तेव्हा घाईत ब्रेक म्हणून गिअरच दाबतो. सवय हाडात किती खोल जाते ते त्या एका क्षणात कळते. डावखुरा माणूस लहानपणापासून अशा परक्या सवयी अंगी बाणवत आलेला असतो, म्हणून त्याला त्याचे फारसे नवल वाटत नाही.

आता रस्त्यावर येऊ, कारण या हँडलचा अर्थ डांबरी हमरस्त्यावर पुरता उघडत नाही. नागपूरकडून वरोऱ्यावरून चंद्रपूरला येताना डाव्या हाताला काम असे फारसे नाहीच. चार वेळा क्लच दाबला की वरचा गिअर पडतो आणि पुढे मैलोन् मैल फक्त उजवे मनगट. डाव्या हाताची खरी कसोटी लागते ती आष्टी ओलांडून आलापल्लीकडे वळल्यावर, पेरमिलीवरून भामरागडच्या दिशेने जाताना, एटापल्लीच्या आतल्या गावांकडे, कोरची-कुरखेड्याच्या चढांवर. मोठा रस्ता एव्हाना बराच सुधारला आहे. पण मोठ्या रस्त्यावरून गावाकडे फुटणारी वाट अजूनही अनेक ठिकाणी मुरमाची, मातीची आणि नाल्यांची आहे. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी वाहते, रपटा नसेल तिथे थेट पात्रातून गाडी काढावी लागते. तळाला गोल गोटे, गोट्यांवर शेवाळ, मध्येच वाळूचा थर, आणि पलीकडे निघताना चिखलाचा उभा काठ.

अशा नाल्यात गाडी कशी काढतात? पहिला गिअर टाकायचा, रेस एका जागी स्थिर धरायची आणि गाडी हाफ क्लचवर चालवायची. शिकवणारे एवढेच सांगतात: ‘रेस धरून ठेव बाबू, गाडी क्लचवर काढ.’ या वाक्यात सगळे शास्त्र आले. मोटारसायकलच्या क्लचमध्ये एकाआड एक अशा अनेक प्लेटा असतात, घर्षणाच्या आणि पोलादाच्या, आणि बहुतेक गाड्यांत त्या इंजिनच्या तेलात बुडालेल्या असतात. लिव्हर थोडी सोडली की त्या एकमेकींना निसटत्या चिकटतात आणि ताकद थोडीथोडी पुढे जाऊ लागते. तेलामुळे तापमान आवरले जाते, म्हणून चारचाकीच्या कोरड्या क्लचपेक्षा हे घसरणे त्या जास्त वेळ सोसतात. लिव्हरच्या साऱ्या प्रवासात कामाची जागा बोटाच्या पेराएवढीच. त्या जागेच्या अलीकडे चाक मोकळे, पलीकडे गाडी धक्का देऊन पुढे उडी घेणार. नाला ओलांडणारा माणूस त्या पेराएवढ्या जागेत राहतो. चाक गोट्यावर चढताना बोटे केसभर सोडायची, गोट्यावरून उतरताना केसभर ओढायची, वाळूत चाक फिरू लागले की लगेच थोडे मागे घ्यायचे. डोळे समोरच्या काठावर असतात. पाण्याखालचे दगड दिसत नाहीत. काय चालले आहे ते डाव्या हाताच्या दोन बोटांना तारेतून कळते.

हेच काम रेसवर का करत नाहीत? कारण रेस ही पिळायची गोष्ट आहे. गाडी गोट्यावर आदळली की अंग मागे जाते, अंगाबरोबर मनगट मागे जाते आणि मूठ आपोआप पिळली जाते. रेस नको तेव्हा वाढते, गाडी उसळते, माणूस आणखी मागे जातो आणि मूठ आणखी पिळली जाते. नवशिक्यांचे नाल्यातले बरेचसे पडणे या फेऱ्यातून होते. या फेऱ्यातून सोडवणारा हात एकच, डावा. क्लच ओढला की उजव्या हाताची सगळी आरडाओरड इंजिनच्या आत अडकून राहते, चाकापर्यंत पोचत नाही. उजव्या हाताची चूक डावा हात निस्तरतो. उलट मात्र होत नाही: क्लच झटक्याने सुटला, तर तो झटका रेसने सावरता येत नाही.

तबला ऐकताना मला नेहमी हा नाला आठवतो. उजव्या हाताच्या तबल्यावर बोल टणत्कारतात, स्पष्ट ऐकू येतात, त्यांची मोजदाद करता येते. डग्ग्यावर डाव्या हाताची बोटे पडतात, पण खरी गंमत मनगटाच्या दाबात असते. त्या दाबाने स्वर वर चढतो, खाली वाकतो, घुमतो. रेस हा तबला आहे आणि क्लच हा डग्गा. फरक असा की डावखुरा तबलजी दोन्हींच्या जागा बदलून घेतो आणि डग्गा उजव्या हाताला देतो. मोटारसायकलीवर तशी अदलाबदल करता येत नाही, आणि मला वाटते, म्हणूनच डावखुऱ्याचे भले होते. नाजूक दाबाचे काम त्याच्या चांगल्या हातातच राहते.

सगळेच डावखुऱ्याच्या बाजूने आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पुढच्या ब्रेकचे काय? ब्रेक लागला की वजन पुढे येते, पुढचे चाक जमिनीला घट्ट धरते, आणि थांबवण्याचा मोठा वाटा तेच चाक उचलते. हे चाक आवरायचे काम उजव्या बोटांकडे आहे. डांबरावर ते निभते. मुरमावर किंवा सागाच्या ओल्या पानांवर पुढचा ब्रेक अंमळ जास्त लागला की चाक थांबते आणि गाडी जात राहते. तिथे उजव्या बोटांतही कौशल्य हवे, आणि डावखुऱ्याकडे ते जन्माने आलेले नसते. घाबरल्यावर माणसाचा बळकट हात आधी आवळला जातो असे मी पाहिले आहे. डावखुरा घाबरला की आधी क्लच ओढतो, इंजिनने गाडीला धरून ठेवलेले असते तेही सुटते, आणि गाडी मोकळी होऊन उतारावरून धावते. घाटउतारावर हे महाग पडते. म्हणून डावखुऱ्या मुलाला गाडी शिकवताना उजव्या दोन बोटांचा सराव वेगळा करून घ्यावा लागतो: रिकाम्या मैदानावर, कमी वेगात, पुन्हा पुन्हा. उजव्या हाताच्या मुलाला क्लच जितका वेळ घेतो, तितकाच वेळ डावखुऱ्याला हा ब्रेक घेईल. हिशोब तिथे बरोबरीत येतो.

आता अंगठ्यांकडे पाहू, कारण हँडलची वाचा अंगठ्यांत आहे. डाव्या अंगठ्याखाली हॉर्न, इंडिकेटर, डिपर. उजव्या अंगठ्याखाली सेल्फ, आणि काही गाड्यांत इंजिन बंद करायचे बटण. पूर्वी दिव्याचे बटणही उजवीकडे असे. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनबरोबर आपोआप लागू लागला आणि उजव्या अंगठ्याचे ते कामही गेले. बोलायचे जे काही आहे ते सगळे डाव्या अंगठ्याने बोलायचे. मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मूल-सिंदेवाहीच्या पट्ट्यात, ब्रह्मपुरी-नागभीडच्या बाजूला संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला हे बोलणे कसे करावे लागते ते ठाऊक आहे. समोरून डोळे दिपवत येणाऱ्याला डिपरने विनंती करायची. वळणाआड रानडुकरांचा कळप किंवा रोही (नीलगाय) असेल तर हॉर्न वाजवावा की नाही, याचा निर्णय अर्ध्या क्षणात घ्यायचा. हॉर्नने रोही बिचकते आणि कधीकधी नेमकी गाडीवरच येते. म्हणून जाणते लोक वेग कमी करून फक्त दिवा हलवतात. पट्टेवाला वाघ रस्त्यावर बसलेला असेल तर काहीच करायचे नसते: लांबच थांबायचे, क्लच दाबून धरायचा, गाडी बंद पडू द्यायची नाही. जंगलाशी, जनावरांशी, समोरच्या गाडीवानाशी होणारा सगळा व्यवहार डाव्या हातातून जातो. आलापल्ली-आष्टी रस्त्यावर सुरजागडहून लोहखनिज घेऊन येणारे ट्रक समोरून आले, की उजवा हात फक्त रेस कमी करतो. बाजूच्या मुरमी पट्टीवर गाडी उतरवायचा इशारा देणे, हॉर्न देणे, गिअर खाली घेणे आणि क्लचवर गाडी सावरणे ही चारही कामे डावी बाजू करते.

इथे एका सरकारी मजकुराकडे वळावेसे वाटते, कारण हातांच्या बाबतीत तो फार बोलका आहे. 1989 मध्ये केंद्राने रस्त्यावरील वर्तनाचे नियम केले. 2017 मध्ये नवे नियम येईपर्यंत तेच लागू होते. त्यांत चालकाने हाताने द्यायचे पाच इशारे सांगितले होते: मंद होताना, थांबताना, उजवीकडे वळताना, डावीकडे वळताना, आणि मागच्याला पुढे जाऊ देताना. पाचही इशारे उजव्या हाताचे. डावीकडे वळायचे असले तरी उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा. चारचाकीत हे बरोबरच आहे, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि खिडकीतून त्याचा उजवा हातच बाहेर निघू शकतो. पण दुचाकीस्वाराने हा नियम पाळायचा म्हणजे रेस सोडायची आणि पुढचा ब्रेकही सोडायचा. मंद होण्याचा इशारा द्यायला मंद करणारा हातच काढून घ्यायचा! नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे खिडकी होती, हँडल नव्हते. इंडिकेटर असेल तर त्याने इशारा दिला तरी चालतो अशी सोय कायद्यात होती, म्हणून प्रत्यक्षात फार अडले नाही. पण इंडिकेटरचा दिवा फुटलेला असेल तर आमच्याकडचा दुचाकीस्वार काय करतो? डावा हात लांब करतो आणि डावीकडे दाखवतो. उजवीकडे वळायचे असेल तर तोच डावा हात डोक्यावरून उजवीकडे वाकवतो. हे कोणत्याही नियमात नव्हते, पण मागचा माणूस अचूक समजतो. यंत्राने डावा हात मोकळा ठेवला आणि रस्त्याने त्याला भाषा दिली.

हा मोकळा हात मला या सगळ्या रचनेतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. वरचा गिअर पडला की डावा हात काय काय करतो ते पाहा. मे महिन्यात चंद्रपुरात पारा 47-48 अंशांवर जातो, तेव्हा तोंडावरचा दुपट्टा सुटला की तो बांधतो. टाकीखालचा पेट्रोलचा नळ बहुतेक जुन्या गाड्यांत डावीकडे असतो. धावत्या गाडीत इंजिन अडखळू लागले की डावा हातच खाली जाऊन नळ रिझर्व्हवर फिरवतो. मोहाच्या दिवसांत टाकीवर ठेवलेली फुलांची टोपली तोच धरून ठेवतो. पुढे बसवलेल्या लेकराच्या पोटाभोवती तोच असतो. आणि समोरून ओळखीचा माणूस आला की नमस्कारही तोच करतो. कोणी रामराम म्हणते, कोणी जोहार, आणि हात वर होतो तो डावा.

घरात, देवळात, पंगतीत डाव्या हाताला जे जे मना आहे ते आठवून पाहावे. प्रसाद डाव्या हातात घ्यायचा नाही, कुणाला काही द्यायचे तर उजव्या हाताने, जेवायचे उजव्याने, आरती ओवाळायची उजव्याने. डावखुऱ्या मुलाच्या हातातून पेन्सिल काढून दुसऱ्या हातात देणारे हात आपल्या सगळ्यांच्या घरांत होते. अजूनही आहेत. त्याच समाजातला म्हातारा माणूस रस्त्याने चालताना समोरून आलेल्या पोराचा डाव्या हाताचा रामराम हसून घेतो. त्यात त्याला अपमान दिसत नाही, कारण उजवा हात अडकलेला आहे हे त्याला ठाऊक आहे. हँडलच्या त्या स्प्रिंगने एका मोठ्या रूढीत एवढी फट पाडली आहे. ही फट मला फार प्रिय आहे.

सायकल असो वा घोडा, चढायचे डावीकडूनच. उजव्या हाताचा योद्धा तलवार डाव्या कमरेला लावी, ती आड येऊ नये म्हणून घोड्यावर डावीकडून चढे, असे सांगतात. मोटारसायकलीवर हीच चढण्याची बाजू राहिली आणि त्यापाठोपाठ साइड स्टँडही डावीकडे आला. सायलेन्सर बहुतेक गाड्यांत उजवीकडे, त्यामुळे मागे एका बाजूला बसणाऱ्या बाईचे पाय डावीकडे आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून लावलेली जाळीही डावीकडे. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकला जाईल असे आवरण आपल्या मोटार वाहन नियमांनी बंधनकारक केले आहे, ते याच साडीसाठी आणि पदरासाठी. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळींचे नाटक गावात लागले की रात्री मंडपाबाहेर शेकडो गाड्या उभ्या राहतात आणि सगळ्या एकाच बाजूला, डावीकडे कललेल्या. पहाटे नाटक सुटले की लोक झोपाळलेल्या डोळ्यांनी डावा पाय जमिनीवर रोवतात, उजवा पलीकडे टाकतात, आणि धुक्यातून घराकडे निघतात. डावा पाय नेहमी जमिनीशी बोलतो, हे गाडीवरच्या प्रत्येकाला माहीत असते. कोणी कधी म्हणत नाही एवढेच.

स्कूटरचा एक उल्लेख करायलाच हवा. आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 पासून निघालेल्या बजाज चेतकमध्ये क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत होते. क्लच दाबायचा आणि अख्खी मूठ फिरवून गिअर पाडायचा. पाय त्यातून मोकळा. डाव्या हाताला याहून मोठा मान दुसऱ्या कोणत्याही गाडीने दिला नाही, आणि चेतक शिकलेल्या डावखुऱ्यांची मला खरोखर असूया वाटते. जपानमध्ये होंडाने 1958 मध्ये ‘सुपर कब’ काढली, तेव्हा विचार उलटा होता. नूडल्स पोचवणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताट धरून गाडी चालवता यावी म्हणून हाताचा क्लचच काढून टाकला आणि इंडिकेटरचे बटणही उजवीकडे नेले. एका रचनेने डाव्या हाताला सगळे दिले, दुसरीने त्याच्याकडून सगळे काढून घेऊन त्याला ताट दिले. दोन्हींत डाव्या हाताचा विचार मात्र आधी झाला होता.

हातांविषयी चंद्रपूर जिल्ह्यात लिहायचे आणि वरोऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि तिच्यातून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कुष्ठरोगात कोपराजवळचा मज्जातंतू बिघडतो, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते, बोटांची पकड जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे स्पर्श जातो. मी वर ज्या पेराएवढ्या जागेचे एवढे कौतुक केले, ती जागा स्पर्शावाचून सापडत नाही. ज्या हातांना गरम-गारही कळत नव्हते, त्या हातांनी आनंदवनात विहिरी खोदल्या, शेती केली, कापड विणले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस अशा वळलेल्या बोटांवर स्नायूबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि कित्येक हात पुन्हा मिटू लागले. डावे-उजवे हा भेद तिथे दुय्यम होतो. लिव्हरवर चार बोटे मिटवता येणे आणि तार किती ताणली आहे ते कळणे, ही केवढी मोठी देणगी आहे, हे आनंदवनाच्या रस्त्यावरून जाताना माझ्या डाव्या हाताला प्रत्येक वेळी जाणवते.

क्लचची तार तुटते, हेही सांगितले पाहिजे. जंगलात जाणारे बरेच जण सीटखाली एक जास्तीची क्लच वायर ठेवतात. काही जण तर जुन्या वायरच्या कडेने नवी आधीच ओढून चिकटपट्टीने बांधून ठेवतात, म्हणजे वेळ आली की फक्त दोन टोके अडकवायची. वायर नसली तरी गाडी घरापर्यंत नेता येते. ढकलत पळायचे, वेग आला की पहिला गिअर टाकून बसायचे, आणि पुढचे गिअर इंजिनच्या आवाजावर पाडायचे: रेस क्षणभर सोडली की दातांवरचा ताण सुटतो, त्याच क्षणी पायाने गिअर वर. त्या प्रवासात डावी मूठ हातात असते पण तिच्यात काहीच नसते. बोटे सवयीने लिव्हर ओढतात आणि लिव्हर सैल येते. डाव्या हाताने आजवर काय काय केले, ते सगळे तेव्हा एकदम समजते, कारण ते सगळे आता डाव्या पायाने आणि कानाने करावे लागते. उतारावर थांबायचे तर आधी न्यूट्रल शोधा, नाही तर इंजिन बंद. नाला आला तर उतरून ढकला.

पुढच्या काळात ही मूठ बदलणार आहे. गिअर नसलेल्या स्कूटरवर डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, आणि एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोडब्रेकची सक्ती आल्यावर अशा स्कूटरवर तीच डावी लिव्हर दोन्ही चाके एकत्र आवरते. 125 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींत हेच काम उजव्या पायाच्या ब्रेकवर आले. विजेवरच्या स्कूटरांतही डावी लिव्हर ब्रेकचीच. डावखुऱ्याच्या दृष्टीने हा काही वाईट सौदा नाही, कारण मुरमावर थांबवायचे तर डाव्या बळकट बोटांत ब्रेक असणे सोयीचेच. गावात, शाळेत, दवाखान्यात जाणाऱ्या बायकांना तर याच स्कूटरांनी गाडी दिली. पण त्या ब्रेकमध्ये मला ती पेराएवढी जागा सापडत नाही. ब्रेक फक्त घ्यायचा असतो, क्लच मात्र द्यावाही लागतो. अहेरी-भामरागडच्या आतल्या गावांत, जिथे चार्जिंगपेक्षा बाटलीतले पेट्रोल सहज मिळते आणि नाल्यावर अजून पूल नाही, तिथे गिअरची गाडी आणखी बरीच वर्षे चालेल. तोवर घरात कोणी डावखुरा मुलगा किंवा मुलगी गाडी शिकत असेल, तर पहिल्या दिवशी रेस दाखवू नका. गाडी मेन स्टँडवर लावा, पहिला गिअर टाका, रेस तुम्ही स्वतः स्थिर धरा आणि क्लच त्याच्या किंवा तिच्या हातात द्या. मागचे चाक नेमके कुठे फिरायला लागते ते बोटांना शोधू द्या, दहा वेळा, वीस वेळा. मग मैदानात आठचा आकडा काढायला लावा. तो त्यांना इतरांपेक्षा लवकर जमेल.